मगर, मांजर की बदक?

ताई, नमस्कार. मी ठाण्याला नौपाड्यात राहते, वय ६८. दहा वर्षांचा नातू खारघरहून सुट्टीला माझ्याकडे आलाय. त्याच्या मामाने दुबईहून स्विच, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र, आणून दिलं, त्यात पोकेमॉन स्कार्लेट नावाचा खेळ आहे. सुरुवातीला तीन पिल्लांतून एक घ्यायचं असतं म्हणे: मांजर, मगर आणि बदक. याने मगर घेतली आणि बारा दिवस नुसता हरखून गेला होता. मग घोडबंदर रोडला राहणारा त्याचा चुलतभाऊ आला. तो चौदा वर्षांचा आहे, त्याच्याकडे स्वतःचा स्विच आणि व्हायोलेट, म्हणजे त्याच खेळाची जुळी आवृत्ती, आहे. तो म्हणाला, "मगर कशाला घेतलीस? स्लो असते ती. मांजर घ्यायची." त्याच रात्री नातवाने सगळा डाव पुसला. मांजर घेतली, दोन दिवसांनी तीही पुसली. मग बदक, तेही पुसलं. आता म्हणतो, "आजी, तूच निवड, तू सांगशील ते घेतो." मला पत्ते सोडले तर दुसरा खेळ येत नाही. चुकीचं सांगितलं तर पोराची सुट्टी वाया जाईल अशी धास्ती वाटते. सून म्हणते, "काहीही सांगा, खेळच तर आहे." पण झोपताना तो उशीत तोंड खुपसून रडला, ते मी पाहिलंय. कुठलं पिल्लू सांगू त्याला?
एक आजी, नौपाडा

आजी, नमस्कार.

विचारलंत त्याचं उत्तर आधी देते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. नातवासाठी तुम्ही पिल्लू निवडू नका. मगर नको, मांजर नको, बदकही नको. त्यापेक्षा स्वतःसाठी एक निवडा आणि त्याच्या शेजारी बसून तुम्हीही खेळायला लागा. असं का म्हणते ते आता सविस्तर सांगते.

आधी त्या रडण्याचं. सूनबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, त्यांच्यामागे शंभर कामं असतील. पोकेमॉन म्हणजे या खेळातले पाळून लढवायचे काल्पनिक प्राणी. पण त्यांतलं पहिलं पिल्लू, मुलं ज्याला स्टार्टर म्हणतात, ते खेळातल्या इतर गोष्टींसारखं नसतं. ते पाचव्या लेव्हलला हातात येतं आणि मनात असेल तर शेवटापर्यंत बरोबर राहतं. सोळाव्या लेव्हलला रूप बदलतं, छत्तिसाव्याला पुन्हा बदलतं. नातवाच्या मगरीचं नाव फ्युकोको. बारा दिवस मन लावून खेळला म्हणजे ती एव्हाना क्रोकॅलोर झाली असणार, डोक्यावर अंड्याच्या आकाराचा आगीचा गोळा घेऊन हिंडणारी. स्कार्लेटमध्ये एका प्रोफाइलवर, म्हणजे स्विचवरच्या एका खेळाडूच्या खात्यावर, एकच डाव राहतो आणि तो पुसला की गेला. त्या रात्री त्याने स्वतःच्या हाताने क्रोकॅलोरला पुसून टाकलं. दहा वर्षांच्या मुलाला झोपताना ते आठवणारच.

मला हे ठाऊक आहे, कारण मी दुसऱ्याचा डाव पुसला होता. आम्ही तेव्हा चरईत राहायचो. भावाकडे गेमबॉय ॲडव्हान्स, स्विचसारखंच जुनं यंत्र, होता आणि त्यात फायररेड, २००४ साली जपानमध्ये निघालेला, पहिल्या पोकेमॉनचाच नवा अवतार. त्या कार्ट्रिजमध्ये एकच डाव मावायचा. भाऊ क्लासला गेला असताना मी 'न्यू गेम' दाबलं, बल्बासोर नावाचं गवताचं पिल्लू घेतलं, तासभर खेळले आणि सेव्ह केलं. आधीचा डाव कायमचा जाईल, अशी सूचना इंग्रजीत आली होती. न वाचताच 'यस' दाबलं. त्याचा चारमँडर, आगीचं पिल्लू, त्याच आठवड्यात छत्तिसाव्या लेव्हलला चॅरिझार्ड झाला होता. भाऊ माझ्याशी चार दिवस बोलला नाही. आईने समजावलं, बाबा रागावले, मी मसुंदा तलावाच्या काठावरून भेळ आणून पुढे केली, त्याने हात लावला नाही.

पाचव्या दिवशी तो आपणहून शेजारी येऊन बसला. मी पहिल्या जिमपाशी पोचले होते. जिम म्हणजे जिथल्या प्रमुखाला लढतीत हरवायचं असतं ती जागा. तिथे ब्रॉक असतो, त्याच्याकडे दगडाचे पोकेमॉन: बाराव्या लेव्हलचा जिओड्यूड आणि चौदाव्याचा ओनिक्स. माझ्या बल्बासोरला दहाव्या लेव्हलला वेलीचा वार मिळाला होता. एका वारात जिओड्यूड गेला, एका वारात ओनिक्स. भाऊ बघत राहिला. चारमँडरच्या आगीने दगडाला निम्मीच इजा होते, त्यामुळे त्याच जिममध्ये तो तीनदा हरला होता. तेराव्या लेव्हलला मेटल क्लॉ, म्हणजे पोलादी पंजाचा वार, मिळेपर्यंत गवतात फिरफिरून लेव्हल वाढवत बसला होता. तो एवढंच म्हणाला, "तुला इथे सोपं गेलं. पुढे ब्लेन आहे." ब्लेनची जिम आगीची. तिथे माझा बल्बासोर, तोवर व्हीनसॉर झालेला, खरंच होरपळला. आणि तोपर्यंत भाऊ रोज माझ्या शेजारी बसायला लागला होता.

आता तुमच्या नातवाच्या चुलतभावाने जे सांगितलं ते तपासू. तो खोटं बोललेला नाही, हे आधी मान्य करू. प्रत्येक पोकेमॉनला सहा आकडे असतात: जीव, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. फ्युकोकोचा वेग ३६. स्प्रिगॅटिटो म्हणजे मांजर, तिचा ६५. क्वॅक्सली म्हणजे बदक, त्याचा ५०. मगर स्लो आहेच. पण जीव बघा. मगरीचा ६७, बदकाचा ५५, मांजरीचा ४०. सहाही आकड्यांची बेरीज करा, तिघांची ३१० येते. पूर्ण वाढल्यावर पुन्हा करा, तिघांची ५३०. करणाऱ्यांनी तिघांना एकाच तराजूत तोललंय. कोणाला चपळाई दिली, कोणाला दमसास.

आणि वेग म्हणजे तरी काय? या खेळात बोटांची घाई नसते. तुम्ही चाल ठरवेपर्यंत समोरचा थांबून राहतो, चहा घेऊन आलात तरी थांबतो. वेग जास्त असलेला आधी वार करतो, कमी असलेला नंतर, एवढाच त्याचा अर्थ. मगर आधी मार खाते आणि मग देते, आणि मार खाण्याइतका जीव तिला दिलेला आहे. तिचं शेवटचं रूप स्केलेडर्ज, जीव १०४. ते गाणं म्हणत वार करतं आणि दर गाण्यागणिक त्याचा विशेष हल्ला वाढत जातो. जितकं टिकेल तितकं जोरात गातं. अशा पोकेमॉनला नुसतं 'स्लो' म्हणून बाजूला टाकणं मला पटत नाही.

तुम्ही पत्ते खेळता, म्हणजे पुढचं तुम्हाला नातवापेक्षा लवकर कळेल. आग गवताला जाळते, गवत पाणी शोषून घेतं, पाणी आगीला विझवतं. बरोबर जागी पडलेला वार दुप्पट लागतो, चुकीच्या जागी निम्मा. समोर कोण बसलंय त्यावर हुकूम बदलतो, आणि कायमचा हुकूम कोणाच्याच हातात नसतो. स्कार्लेटमध्ये आठ जिम आहेत. कुठल्याही क्रमाने जाता येतं, पण सोप्यापासून अवघडाकडे गेलं तर पहिली केटीची किड्यांची, दुसरी ब्रासियसची गवताची. आग दोघांनाही भारी. म्हणजे चुलतभाऊ ज्या मगरीला हसला, तिला पहिल्या दोन जिम सगळ्यांत सोप्या जातात, आणि आठवी ग्रुशाची बर्फाची जिमही. कोफूच्या पाण्याच्या जिममध्ये मात्र तिचे हाल होतात. मांजरीला कोफू सोपा, केटी जड. बदकाला ब्रासियस जड आणि तिसरी, इओनोची विजेची जिम त्याहून जड, पण क्लॉफ नावाचा दगडी खेकडा वाटेत आडवा येतो तेव्हा बदक कामाला येतं.

शिवाय बरोबर सहा पोकेमॉन ठेवता येतात आणि पाल्देआ नावाच्या त्या मुलखात चारशे प्रकारचे आहेत. पहिल्याच माळावर होपिप मिळतो, तो गवताचा. विजेची पॉमी मिळते. तळ्याच्या कडेला सायडक आणि बुइझेल, पाण्याचे. मगरीला जे जमत नाही ते बुइझेल करील. एकट्या स्टार्टरवर अख्खा खेळ तोलायचा नसतोच.

हे सगळं नातवाला सांगून त्याचं मन वळेल का? थोडं वळेल. पण त्याला आता माहिती नकोय, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. माहिती चुलतभावाकडे होती, ती त्याने ऐकली आणि मांजर घेतली. दोन दिवसांत पुसली, कारण ती त्याला आवडली नव्हती. बदक घेतलं ते बहुधा दोघांतलं कोणतंच नको म्हणून. मग तो तुमच्याकडे आला. दादा त्याच्या निवडीला हसू शकतो, आजीच्या निवडीला कसा हसेल? तुमच्या पदराआड त्याला सुरक्षित वाटतंय. तुम्ही 'बदक घे' म्हणालात तर तो घेईल, आणि तुमच्यासाठी शेवटापर्यंत नेईलही. पण बदक तुमचं असेल. त्याची मगर तशीच पुसलेली राहील.

या मालिकेचा पहिला खेळ जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी आला, रेड आणि ग्रीन अशा दोन आवृत्त्यांत. त्यात पिल्लू देणारे प्राध्यापक ओक स्वतः आजोबा आहेत. त्यांचा नातू तिथेच उभा असतो, आधी आपल्याला मिळावं म्हणून धुसफुसत. ओक टेबलावर तीन चेंडू ठेवतात आणि मुलांना उचलायला सांगतात. आयुष्यभर पोकेमॉनचा अभ्यास केलेला तो माणूस, पण नातवालाही 'हा घे' म्हणत नाही. मला तो प्रसंग फार आवडतो. खेळ सातोशी ताजिरी यांच्या कल्पनेतून आला. लहानपणी ते टोकियोजवळच्या माचिदात किडे गोळा करत हिंडायचे. किडे गोळा करणाऱ्या मुलाला कुठला भुंगा धरायचा ते कोणी सांगत नाही, ज्यावर नजर ठरते त्याच्यामागे तो धावतो.

म्हणून आता असं करा. स्विचवर तुमच्या नावाचं वेगळं प्रोफाइल काढून घ्या. नातू पाच मिनिटांत काढून देईल, चित्रही तुम्हाला विचारून लावेल. प्रत्येक प्रोफाइलचा डाव वेगळा साठवला जातो, कार्ड एकच चालतं. त्यामुळे तुमच्या खेळण्याने त्याचं काही पुसलं जाणार नाही. हे त्याला आधी सांगा, कारण सध्या तो 'पुसणे' या शब्दाला बिचकत असेल. मग म्हणा, "तुझं तू बघ, मला आधी माझं घेऊ दे, शिकव मला."

सुरुवातीला क्लावेल नावाचे मुख्याध्यापक तिन्ही पिल्लं घेऊन घरी येतात, पण लगेच निवडायला लावत नाहीत. तिघंही तुमच्या मागोमाग शेजारच्या नेमोनाच्या घरापर्यंत चालत येतात आणि तिथे पोचल्यावर निवडायचं असतं. त्या चालण्यात घाई करू नका. थांबा, मागे वळून बघा. मांजर पंजे मळत बसते, त्यातून सुगंध दरवळतो. मगर तापलेल्या दगडावर पडून अंगावरच्या चौकोनी खवल्यांत ऊब साठवते आणि त्याच उबेतून आग काढते. पवई तलावाच्या काठावर ऊन खात पडलेली मगर कधी पाहिली असेल तर ओळख पटेल. बदक नीटनेटकं, पिसांवरच्या चिकट थरामुळे त्याच्या अंगाला ना पाणी चिकटत ना मळ. त्याचे पूर्वज फार पूर्वी दूरदेशाहून तिथे आले. ऐरोलीच्या खाडीत हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात ना, त्यांची आठवण मला दरवेळी होते.

हे बघत असताना नातू काय बोलतो तिकडे कान ठेवा. "आजी, मगर बघ कशी खाते" असं म्हणाला तर पुढे काही विचारायची गरज नाही. मग त्याचं प्रोफाइल उघडायला सांगा आणि तुम्ही उठून चहा टाकायला जा. तो निवडत असताना खोलीत नसलेलंच बरं. परत आल्यावर जे काही त्याच्या मागे धावत असेल, त्याचं नाव काय ठेवलं ते विचारा. बारा अक्षरांपर्यंत नाव देता येतं, इंग्रजी लिपीत. पहिल्या मगरीचंच नाव पुन्हा ठेवलं तर ठेवू द्या. नवीन मगर ही जुनी मगर नव्हे, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

चुलतभावाला रागावू नका. चौदाव्या वर्षी मुलं ऐकलेलं ठासून बोलतात, त्यात दुष्टावा नसतो. उलट त्याच्याकडून एक काम करून घ्या. पोकेमॉनची अंडी असतात. त्याच्याकडे मांजर आहे, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. मांजरीबरोबर डिट्टो नावाचा पोकेमॉन टीममध्ये ठेवून पिकनिक मांडली की थोड्या वेळाने टोपलीत अंडं मिळतं, त्यातून स्प्रिगॅटिटो निघते. ते अंडं अदलाबदलीत नातवाला देता येतं. दोन स्विच जवळजवळ असले की झालं, इंटरनेटही लागत नाही. तुमच्या आणि नातवाच्या प्रोफाइलमध्ये मात्र एकाच स्विचवर अशी देवघेव होत नाही, म्हणून चुलतभावाचाच स्विच हवा. म्हणजे आज जे पिल्लू सोडलं ते कायमचं सुटलं असं नाही. ताजिरींच्या डोक्यात हा खेळ आला तोच मुळी दोन गेमबॉय वायरने जोडून पोकेमॉन इकडचे तिकडे करायचे म्हणून. एका रविवारी त्याला जेवायला बोलवा, आमरस-पुरी करा आणि अंडं मागून घ्या. नातवाला त्याच्याकडून काही मिळालं की त्या 'स्लो' शब्दाची धार आपोआप बोथट होईल.

रोज किती वेळ खेळायचं हे सूनबाईंनी ठरवलं असेल, तर ते तुम्ही मोडू नका. हा खेळ कुठेही थांबवता येतो, दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू होतो.

राहिलं तुमचं पिल्लू. खरं तर तुमच्या डोळ्यांना जे आवडेल ते घ्या. पण माझं मत विचाराल तर मांजर घ्या. मगर त्याच्यासाठी मोकळी राहू दे, आणि चुलतभावालाही बरं वाटेल की त्याच्या आवडीचं पिल्लू आजीने घेतलं. तुम्ही मांजर घेतलीत की नेमोना बदक घेते. तिची पहिली लढत समुद्रकिनाऱ्यावर होते, ती तुम्ही जिंकाल. ती मुद्दाम तुमच्यापुढे कमी पडणारं पिल्लू निवडते. ओक यांच्या नातवाचं नेमकं उलट होतं, तो तुमच्यावर मात करणारंच उचलायचा.

मग काही दिवसांनी तुम्ही केटीच्या जिमला पोचाल. आधी एक भलामोठा ऑलिव्हचा चेंडू ढकलत ढकलत टोपलीपर्यंत न्यावा लागतो. तो भिंतीला आपटत राहतो, धीर धरा. त्यानंतर केटीचे किडे समोर येतील आणि तुमची मांजर दमायला लागेल, गवताच्या पोकेमॉनला किडे जड जातात. नातवाची मगर तोपर्यंत तिथून पुढे गेलेली असेल. तेव्हा हाक मारा त्याला, म्हणा, "अरे, इथे अडलंय, काय करू?" आणि स्विच त्याच्या हातात देऊ नका, स्वतःच्याच हातात ठेवा. तो शेजारी बसून सांगेल.